आनुषंगिक कोण?

भिलाईत काही वर्षे काढलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द हमखास शिरतो आणि इतका मुरतो की, तो परका आहे याचे भानही उरत नाही. तो शब्द म्हणजे 'अ‍ॅन्सिलरी'. येथील हिंदीत त्याचा उच्चार 'एन्सिलरी' असा होतो, आणि मराठी घरांतूनही तसाच ऐकू येतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भातशेतीच्या प्रदेशात पोलादाचे एक नगर उभे राहिले. प्रारंभी दहा लाख टन क्षमतेच्या या कारखान्याभोवती पुढे ओतकाम, यंत्रकाम, सुटे भाग आणि दुरुस्ती यांवर जगणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची वसाहत झाली. त्या सर्वांना मिळालेले सामुदायिक नाव म्हणजे 'अ‍ॅन्सिलरी'. मोठ्या कारखान्याला सारे 'प्लांट' म्हणतात. जे प्लांट नाही, पण प्लांटमुळे आहे, ते अ‍ॅन्सिलरी.

गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमानंतर एका वृद्ध मराठी गृहस्थांशी बोलत होतो. आयुष्यभर लेथवर काम केलेले ते कुशल टर्नर होते. आपण कुठे नोकरीला होता, असे मी विचारले. ते म्हणाले, "आम्ही काय, एन्सिलरीतले." थोडे थांबून त्यांनी पुढे जोडले, "आमच्या हातचा भाग बसल्याशिवाय तिकडचे यंत्र फिरत नसे. पण आम्ही तिकडचे नव्हे." या उत्तरात तक्रार नव्हती. मला अडखळायला लावले ते त्यातल्या 'आम्ही काय' या दोन शब्दांनी. उद्योगाला लावलेले विशेषण त्यांनी स्वतःला लावून घेतले होते. कामाचे विशेषण माणसाचे विशेषण केव्हा होते, आणि ते तसे होऊ द्यावे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. तो वरवर कोशाचा प्रश्न आहे. मुळात तो नीतीचा आहे.

प्रथम कोशाकडे वळू. 'अ‍ॅन्सिलरी' हा शब्द लॅटिन 'अ‍ॅन्सिला' या शब्दापासून आला, आणि अ‍ॅन्सिला म्हणजे घरातली दासी. लूकच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन भाषांतरात देवदूतासमोर मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणवते, तेथे हाच शब्द आहे. मध्ययुगीन युरोपात तत्त्वज्ञानाला ईश्वरशास्त्राची दासी म्हणण्याची प्रथा पडली, तेथेही हाच शब्द आहे. त्या रूपकाला कांटने १७९८ साली विद्याशाखांच्या संघर्षावरील आपल्या ग्रंथात मोठी मार्मिक कलाटणी दिली. तत्त्वज्ञान ईश्वरशास्त्राची दासी असेल तर असो. पण ही दासी मालकिणीच्या पुढे दिवटी धरून चालते की मागून तिच्या वस्त्राचा घोळ उचलून चालते, हा प्रश्न त्याने उभा केला. दिवटी धरणारीही दासीच. परंतु वाट तिलाच दिसते. साहाय्य करणारा कमी जाणतो, कमी पाहतो, हे आपले गृहीतक किती तकलादू आहे ते या एका चित्रावरून ध्यानात यावे.

मराठीत या शब्दासाठी अनेक पर्याय रूढ आहेत: आनुषंगिक, सहायक, पूरक, आणि तिरस्काराची छटा असेल तेथे दुय्यम. हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जात असले, तरी त्यांतली नैतिक दृष्टी एक नाही. 'अनुषंग' म्हणजे मागून चिकटून येणे. आनुषंगिक गोष्ट मुख्य गोष्टीबरोबर ओघाने येते, आणि न आली तरी फारसे बिघडत नाही, असा ध्वनी त्यात आहे. 'सहायक' या शब्दात सोबत जाणे आहे. तेथे निदान चाल बरोबरीची आहे. 'पूरक' हा शब्द सर्वांत उदार. जो पुरे करतो तो पूरक. म्हणजे त्याच्यावाचून मुख्य म्हणवणारेही अपुरेच आहे, अशी कबुली त्यात दडलेली आहे. एकाच कारखान्याला आनुषंगिक उद्योग म्हणणे आणि पूरक उद्योग म्हणणे यांत नुसता शब्दाचा फरक नाही. पहिल्या नावात उपकाराची भाषा आहे, दुसऱ्यात ऋणाची.

तथापि नाव बदलले की नाते बदलते, अशा भाबड्या समजुतीत राहण्याचे कारण नाही. मराठी इतिहासाने तर याचा उलटा धडा दिलेला आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८१६ मध्ये नागपूरकर भोसल्यांनीही तीच वाट धरली. छत्तीसगड त्या काळी त्यांच्याच अमलाखाली होते. तैनातीतली फौज म्हणजे हुकमाची वाट पाहणारी, साहाय्याला ठेवलेली फौज. इंग्रजीतही तिला साहाय्यकारी अशाच अर्थाचे नाव होते. प्रत्यक्षात हुकूम कोणाचा चालला हे सांगण्याची गरज नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. साहाय्याच्या नावाखाली स्वामित्व येऊ शकते, आणि प्रधानपदाच्या नावाखाली पराधीनता. म्हणून 'सहायक कोण?' हा प्रश्न नावावरून सुटत नाही. तो कार्य आणि फल यांच्या वाटणीवरून सोडवावा लागतो.

कार्याच्या वाटणीचा एक चकित करणारा नमुना आपल्या व्याकरणातच आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथापासून संयुक्त क्रियापद आणि सहायक क्रियापद यांची चर्चा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. 'पैसे देऊन टाकले', 'पैसे देऊन ठेवले', 'पैसे देऊन बसला' ही तीन वाक्ये घ्या. मुख्य क्रिया तिन्हींत एकच, देण्याची. परंतु पहिल्या वाक्यात सुटकेचा निःश्वास आहे, दुसऱ्यात पुढची तरतूद आहे, तिसऱ्यात पश्चात्ताप आहे. माणसाचे त्या क्रियेविषयीचे सगळे मन सहायक क्रियापदाने व्यक्त केले. शिवाय काळ, पुरुष, लिंग, वचन यांचे प्रत्यय तोच वाहतो. 'देऊन' हे रूप जागचे हलत नाही. त्यासाठी त्याला किंमत मात्र मोजावी लागते. 'टाकणे' या क्रियापदाला येथे काहीही टाकता येत नाही, 'बसणे' याला बसता येत नाही. आपला मूळ अर्थ बाजूला ठेवल्यावाचून त्याला साहाय्य करता येत नाही. साहाय्याचे सामर्थ्य आणि साहाय्यातला त्याग दोन्ही येथे एकत्र दिसतात. मात्र एक गोष्ट विसरू नये. वाक्य संपले की 'टाकणे' मोकळे होते, आणि पुढच्या वाक्यात ते स्वतःच्या अर्थाने मुख्य क्रियापद म्हणून उभे राहू शकते. भाषेने त्याला सहायक ही जात दिलेली नाही. त्या वाक्यापुरते काम दिले आहे.

हाच विवेक भारतीय नाट्यशास्त्राने कथानकाच्या संदर्भात केलेला आढळतो. भरताने पाच अर्थप्रकृती सांगितल्या. त्यांतल्या पताका आणि प्रकरी या दोन साहाय्यक कथाभागांच्या. पताका दूरवर चालते. ती दुसऱ्यासाठी असते, प्रधानाला उपकारक असते. आणि तरीही तिची मांडणी प्रधानासारखीच करावी, असा भरताचा आशय आहे. प्रकरी छोटी असते, आणि तिचे फल सर्वस्वी दुसऱ्यासाठी कल्पिलेले असते. रामकथेत सुग्रीवाचा वृत्तांत हे पताकेचे परिचित उदाहरण, तर जटायूचा प्रसंग हे प्रकरीचे. सुग्रीव रामाच्या कार्याला लागतो. पण त्याचे स्वतःचे दुःख आहे, स्वतःचा शत्रू आहे, आणि वाटेत त्याला त्याचे राज्यही मिळते. जटायू वाटेत भेटतो, झुंजतो, वार्ता देतो आणि मरतो. कथेला दोघांचीही गरज आहे. प्रकरीही कथेला शोभा देते. किंबहुना वाचकाचे डोळे सुग्रीवापेक्षा जटायूसाठीच अधिक पाणावतात. पण नाटकात जे सुंदर ते समाजव्यवस्थेत न्याय्य असेलच असे नाही. एखाद्या जटायूने स्वेच्छेने प्राण दिला तर त्याला आपण वंदन करू. एका संपूर्ण वर्गाच्या वाट्याला जन्मभर प्रकरीचीच भूमिका यावी आणि इतरांनी त्यालाच उदात्त म्हणावे, हे मात्र आपल्या सद्‌सद्विवेकाला बोचले पाहिजे.

या प्रश्नाची सर्वांत सूक्ष्म उकल माझ्या मते पूर्वमीमांसेत आहे, जेथे ती सहसा कोणी शोधायला जात नाही. जैमिनीने तिसऱ्या अध्यायात 'शेष' म्हणजे काय याचा विचार केला आहे. जे दुसऱ्यासाठी असते ते शेष. ज्याच्यासाठी असते तो शेषी. आता शेष कशाकशाला म्हणावे? बादरीच्या मते द्रव्य, गुण आणि संस्कार यांनाच. जैमिनी तेथे थांबत नाही. कर्मही शेषच, कारण ते फळासाठी असते. फळही शेषच, कारण ते पुरुषासाठी असते. आणि येथे आपण, माणसाशी येऊन पोचल्यावर, साखळी संपली असे समजून निवांत होणार, तोच जैमिनी म्हणतो की, पुरुषही शेषच, कारण तो कर्मासाठी असतो. साखळीचे वर्तुळ झाले. शेषत्व हा कोणाचाही स्वभाव नाही, तो संबंध आहे. आणि त्या संबंधातून कोणीही, यज्ञाचा यजमानसुद्धा, सुटलेला नाही. यज्ञविधीच्या या चर्चेत समतेचा सिद्धांत मांडलेला आहे असा दावा मी करणार नाही; तो हेतू तेथे नव्हता. परंतु विचाराची जी चौकट तेथे घडली, तिच्यात 'कायमचा शेषी' बसत नाही, एवढे निश्चित. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ मध्ये म्हटले. त्यातला 'निव्वळ' हा शब्द आणि जैमिनीचे हे वर्तुळ, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. एकमेकांच्या उपयोगी पडण्यात हीनता नाही. हीनता आहे ती उपयोगाची दिशा एकच राहण्यात.

आता पुन्हा भिलाईकडे येऊ. १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार आपले निदान ५० टक्के उत्पादन वा सेवा दुसऱ्या उद्योगांना पुरवणारा आणि ठरावीक मर्यादेत भांडवल गुंतवलेला उद्योग तो आनुषंगिक. आणि कायद्याची अट अशी होती की, तो दुसऱ्या कोणाच्या मालकीचा वा नियंत्रणाखालचा असता कामा नये. म्हणजे काम दुसऱ्यासाठी, पण मालक दुसरा नाही. लॅटिनमधली दासी कायद्याने कागदावर मुक्त केली होती. पण या मुक्त घराच्या आतही कोणी सहायक होते, आणि त्यांच्याखाली आणखी कोणी. टर्नरच्या हाताखाली हेल्पर, गवंड्याच्या हाताखाली बिगारी, आणि सगळ्यांच्या कडेला ठेकेदाराची माणसे.

त्या कडेच्या माणसांनी या प्रदेशाच्या इतिहासात आपले पान लिहिले आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत हाताने दगड फोडणारे ठेक्यावरचे मजूर १९७७ मध्ये स्वतंत्रपणे संघटित झाले. शंकर गुहा नियोगी हे त्यांचे नेते. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात ११ जण मृत्यू पावले. १९८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या श्रमाने आणि पैशाने शहीद रुग्णालय उभे केले. जे खनिजासाठी 'शेष' होते, त्यांनी एक असे कार्य आरंभले ज्यात ते स्वतःच शेषी होते. पुढे हा लढा भिलाईतल्या खासगी कारखान्यांपर्यंत आला. मागण्या कायम नोकरीच्या आणि जगण्यापुरत्या वेतनाच्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईत, झोपेत असताना, गोळी झाडून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १६ कामगार मरण पावले. 'आम्हीही तिकडचेच' एवढे म्हणण्याची ही किंमत होती.

कायद्याची भाषाही याच प्रश्नाभोवती घोटाळत राहिलेली दिसते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एखाद्या कामातली ठेकेदारी बंद करावी की नाही हे ठरवताना विचारायचे प्रश्न सांगितले होते: ते काम त्या उद्योगाला आनुषंगिक किंवा आवश्यक आहे काय, ते बारमाही आहे काय. लक्षात घ्यावे, येथे 'आनुषंगिक' आणि 'आवश्यक' एकाच बाजूला उभे होते. पोलाद प्राधिकरणच पक्षकार असलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००१ रोजी निर्णय दिला की, ठेकेदारी बंद झाली तरी तेवढ्यावरून कामगार आपोआप मुख्य मालकाचा होत नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने 'गाभ्याचे काम' अशी कल्पना पुढे आणली. आणि सफाई, पहारा, उपाहारगृह, चढ-उतार, बागकाम अशी कामे, आस्थापना खास त्यासाठीच स्थापलेली नसेल तर, गाभ्याबाहेरची ठरवली. कायद्याला रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मान्य. पण एका पिढीच्या कायद्यात जे आवश्यकाच्या शेजारी होते, ते पुढच्या पिढीच्या कायद्यात गाभ्याबाहेर गेले, यावरून एवढे सिद्ध होते की, ही रेघ वस्तूत नाही. ती आपण ओढतो. आणि जे आपण ओढतो त्याची जबाबदारीही आपलीच.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. कोणतेही मोठे कार्य मुख्य आणि गौण असा भेद केल्यावाचून उभे राहत नाही. झोतभट्टी बहुमताने चालत नाही. गवई आणि तबलजी एकाच वेळी पुढे आले तर मैफल मोडते. हे खरे आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या भाषेने 'साथ' या शब्दात देऊन ठेवले आहे. तबलजी साथ करतो. त्या रागापुरता तो मागे बसतो; पण सम दोघांची एकच असते. भेद कार्यात असावा, त्या कार्यापुरता असावा आणि फळात प्रत्येकाचा वाटा असावा, एवढेच मागणे आहे. मागे बसणाऱ्याचे बिदागीतले नाणे खोटे निघाले, तर ती साथ उरत नाही. ती तैनात होते.

आणि दास्याचा अभिमान बाळगणाऱ्यांचे काय? गंगाखेडहून येऊन नामदेवांच्या घरी वाढलेल्या जनाबाईने आपली ओळख नामदेवांची दासी अशीच सांगितली. तिचे अभंगही नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने आपल्यापर्यंत आले. अ‍ॅन्सिला या शब्दाचे मराठीतले सर्वांत तेजस्वी रूप शोधायचे तर तेच. पण तिच्या काव्यसृष्टीत काय घडते ते पाहावे. दळणकांडणाला विठ्ठल स्वतः येतो. जात्याच्या खुंट्याला त्याचा हात लागतो. दासीचा स्वामी दासीचा मदतनीस होतो. जनाबाईने दास्य टाकले नाही, तिने त्याची दिशा दुहेरी केली. जेथे विठ्ठल जात्यावर बसायला तयार नाही, तेथे दास्याचे गोडवे गाण्याचा अधिकार कोणाला नाही, मालकाला तर मुळीच नाही.

हे सारे लिहिताना मला एका जुन्या पानाची आठवण येत राहिली. माझ्या प्रबंधाच्या हजारो टिपणांची नक्कल माझ्या पत्नीने रात्री जागून केली होती. कितीतरी ठिकाणी माझ्या विधानाला आधार नाही हे तिने समासात पेन्सिलीने लिहिले, आणि ती विधाने मी काढली. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत मी तिचे 'आनुषंगिक साहाय्याबद्दल' आभार मानले. शब्द मीच निवडला होता, आणि त्या वेळी तो मला सौजन्याचा वाटला होता. समीक्षक हा स्वतःच साहित्याचा आनुषंगिक. दुसऱ्याच्या कृतीवाचून त्याचे एक पानही उभे राहत नाही. निदान त्याने तरी हा शब्द जपून वापरायला हवा होता.

प्रबंधाची दुसरी आवृत्ती निघण्याचा योग आता नाही. म्हणून माझ्याजवळच्या प्रतीत मी तो शब्द खोडून वर 'पूरक' असे लिहिले. तिने ते पाहिले आणि विचारले, "आणि पुस्तकाच्या पाठीवर नाव कोणाचे?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. लेथवरच्या त्या गृहस्थांना मी काय सांगू शकलो असतो, हे मला त्या क्षणी थोडे अधिक स्पष्ट झाले. चांगला शब्द ही नुकसानभरपाई नव्हे. त्याचा उपयोग एवढाच की, देणे अजून फिटलेले नाही, याची नोंद तो पुसू देत नाही.